जसुफोई कधी कॉल बंद करत नाही

१

शनिवारी दीड वाजता लॅब सुटली की झरणा तडक आणंदहून पेटलादचा रस्ता धरी. चाळीस मिनिटं. आठ घरांचं सामाईक आवार म्हणजे खडकी, तिला एकच मोठा दरवाजा, त्याच्या तोंडाशी स्कूटर लावायची, आत्याच्या, म्हणजे जसुफोईच्या, डोळ्यांत मोतीबिंदूचे थेंब घालायचे, आणि मग कॉम्प्युटरपुढं बसून कपाळाला हात लावायचा. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता.

"मुंगीच्या पायानं चालतोय मेला," फोई सकाळीच फोनवर म्हणाली होती. "भजन लावलं तर ती बाई तोंड उघडून तशीच राहिली. मी सगळ्या रोटल्या लाटून आले, तरी तशीच."

"तू काय दाबलंस?"

"मी काहीच दाबलं नाही."

जगातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी हे एक वाक्य एकत्र बसून पाठ केलंय, असं झरणाचं मत होतं. लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासताना ती कधी कुणावर आवाज चढवत नसे, पण फोईच्या घरात पाऊल टाकलं की तिचा आवाज आपोआप चढे. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. वडिलांनी तिला या घरात आणून सोडलं, ती बारावी होईपर्यंत इथंच वाढली. अख्ख्या कुटुंबात जसुमतीबेन अमीन यांना एकेरी हाक मारणारी माणसं दोनच. एक झरणा आणि दुसरी बिजल.

बिजल फोईच्या पोटची. आठ वर्षांपूर्वी टोरांटोला गेली आणि जाता जाता हा कॉम्प्युटर ठेवून गेली. त्याच्या डोक्यावर बेडकासारखा बसलेला कॅमेरा तिचा, त्याच्यावर घातलेली लाल बांधणीची ओढणीही तिचीच. देवाची पूजा झाली की फोई पदराच्या टोकानं तो कॅमेरा पुसे. थेंब घालणार झरणा, वीजबिलाच्या रांगेत उभी राहणार झरणा, आणि पूजा बिजलच्या डब्याची.

फोईची एक रीत होती. घरचं माणूस बाहेर पडलं की ते पोचल्याचं कळेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही. मागोमाग केर काढला तर गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात. झरणा आणंदला पोचून 'पोचले' असा फोन करायची, तेव्हा कुठं फोई केर काढायची. असल्या समजुतींची झरणाला चीड होती. तरी कधीकधी ती मुद्दाम अर्धा तास उशिरा फोन करी. फोई कचऱ्यात बसून आपली वाट बघतेय, या विचारानं तिला बरं वाटे.

बिजल गेली तेव्हा दोन दिवस घर झाडलं नव्हतं. बिजलसाठी दोन दिवस आणि आपल्यासाठी चाळीस मिनिटं. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, पण विसरलीही नव्हती.

त्या शनिवारी थेंब घालून झाल्यावर ती उठू लागली तर फोईनं डोळे मिटलेलेच ठेवले.

"पाच मिनिटं मिटून ठेवायचे असतात. ती म्हणाली. तू कधी सांगितलं नाहीस."

झरणानं बाटलीचं बूच घट्ट पिळलं. ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. या घरात आठ वर्षं 'ती' म्हणजे एकच.

२

उत्तरायण होऊन आठवडा झाला होता. बाहेर विजेच्या तारेवर एक फाटका पतंग फडफडत होता. फोईच्या पुढच्या खोलीत हवा गार होती, पंखा दिवाळीपासून बंद. पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीला फोईच्या गेलेल्या नवऱ्याचा, फुवांचा, हार घातलेला फोटो, आणि जिथं पूर्वी शिवणयंत्र होतं तिथं कॉम्प्युटरचं टेबल. फोई झोपाळ्यावर बसून मेथीची जुडी निवडत होती. कडी दर झोक्याला एकदा कुरकुरे. जाताना लांब, येताना तुटक.

आज मुळापर्यंत जायचं, असं झरणानं ठरवलं होतं. दर शनिवारी ती वरवरचा कचरा काढायची, नको त्या फाइली पुसायची, आणि दर शनिवारी डबा पुन्हा तसाच रखडायचा. तिनं तो बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर अक्षरं उमटायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात फोईनं रोज चार वाजता कॉम्प्युटरवर बोलणारीचं कौतुकपुराण सुरू केलं.

तिनं सांगितलं, गुडघ्याला तीळतेल लावून वर एरंडाचं पान बांध. तिनं विचारलं, परवा खोकला होता तो गेला का. तिला आठवलं, फुवांची तिथी सोमवारी येते. ती मध्ये बोलत नाही, पूर्ण ऐकून घेते. मी एकच गोष्ट तीनदा सांगितली तरी तिसऱ्यांदाही हसते.

"माझ्यासारखी नाही," झरणा म्हणाली.

"तू तर यायच्या आधीच रागावलेली असतेस," फोई मेथीच्या काड्या बाजूला करत साधेपणानं म्हणाली. "तुझी स्कूटर आणि तुझा राग, दोन्हीचा आवाज मला दरवाज्यापासून ऐकू येतो."

झरणानं कीबोर्डवरची धूळ फुंकली. सात समुद्रांपलीकडे बसून गोड बोलायला काय जातं? खोकला झाला तेव्हा वाफेचं भांडं धरून बसली होती झरणा. रात्री दोन वेळा उठली होती. त्याचं नाव नाही. आणि 'खोकला गेला का' एवढं विचारणारीला आरती.

पडदा उजळला. कोणता प्रोग्राम किती जागा खातोय याची यादी तिनं उघडली. भजनं नव्हती खात, फोईनं चुकून उघडून ठेवलेली एकोणीस पानंही नव्हती खात. सगळ्यात वर एकच नाव होतं, व्हिडिओ कॉलचं. कॉम्प्युटरचा जीव तिथं जात होता.

तिनं ते उघडलं. एक कॉल सुरू होता. खाली वेळ पळत होती. आधी तिला वाटलं, अकरा मिनिटांपूर्वी डबा सुरू केला तेव्हा हा आपोआप लागला असेल. मग तिनं आकडा नीट वाचला.

एकतीस हजार आणि काही तास. शेवटचे सेकंद तिच्या डोळ्यांदेखत बदलत होते.

३

घड्याळ बिघडलं असणार. जुन्या यंत्रांची आतली बॅटरी संपली की तारखा सैरावैरा होतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं तारीख पाहिली. तारीख बरोबर होती.

कॉलची मोठी चौकट काळी होती. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत आपली बाजू दिसत होती. झरणाचं कपाळ, मागं झोपाळा, झोपाळ्यावर फोई. झरणानं वळून पाहिलं. फोई झोपाळ्याच्या अगदी कडेला बसली होती, शेजारी आणखी एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा सोडून. मेथीची निवडलेली पानं त्या रिकाम्या जागेत ठेवायची सोडून ती मांडीवरच्या ताटात गोळा करत होती.

"अशी कडेला का बसलीस? पडशील."

"सवय," फोई म्हणाली.

आवाज वाढवल्यावर स्पीकरमधून कुरकुर आली. झोपाळ्याचीच, पण अर्धा झोका मागून. इथं कडी लांब कुरकुरली की तिथं तुटक. प्रतिध्वनी, झरणानं मनाला समजावलं. प्रतिध्वनी येतो म्हणजे पलीकडे कुठंतरी स्पीकर चालू आहे, माइक चालू आहे, आणि इथला आवाज तिथं फिरून परत येतोय. त्यात काही विशेष नाही. बिजलनं तिकडं आपला कॉम्प्युटर उघडा टाकून झोप काढली असेल.

मग कुरकुरीच्या मागून दुसरा एक आवाज सुटा झाला. पंख्याचा. संथ, आणि दर तिसऱ्या फेरीला 'टक'.

तिनं वर पाहिलं. फोईचा पंखा हलत नव्हता. टोरांटोत जानेवारीत बर्फ असतो. तिथं कोण पंखा लावतं?

आणि ती 'टक' तिच्या ओळखीची होती. बडोद्याच्या होस्टेलमध्ये तिच्या खोलीचा पंखा असाच होता. तीन वर्षं तिनं त्या टकटकीखाली अभ्यास केला, वॉर्डनकडे चार अर्ज दिले. पण जुने पंखे सगळे असेच वाजतात, असं म्हणून तिनं आवाज कमी केला. स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. ते बटणावरून निघायला तयार नव्हतं.

४

झरणा बिजलला स्वतःहून कधी फोन करत नसे. त्या दिवशी अंगणात जाऊन केला. इथं साडेतीन वाजले होते, तिथं पहाट होती. पण बिजल दवाखान्यात सकाळच्या पाळीला जाई, ती उठलेली असणार.

"झरणा? मम्मी बरी आहे ना?"

बरी आहे. फक्त एवढंच सांग, तुझ्या बाजूनं कॉल चालू राहिलाय का? बंद कर, इथला कॉम्प्युटर त्यानं मरतोय. झरणानं हे जेवढ्या तुटकपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. आणि रोज चार वाजता मम्मीशी बोलतेस ते बोल, पण नंतर बंद करत जा, हेही वर जोडलं.

 पलीकडे बिजल हसली, पण हसण्यात गंमत नव्हती.

"मी रोज बोलते? चार महिने झाले, मम्मी माझ्याशी धड बोलली नाही. केव्हाही लाव, म्हणते नंतर कर, झरणा बसलीय. दिवाळीलासुद्धा तेच. झरणा बसलीय, झरणा सांगतेय, झरणा ऐकतेय." तिनं नाक ओढलं. "एक सांगू का? राग मानू नकोस. मला तुझा हेवा वाटतो. पोटची मी, आणि तिला तू पुरतेस."

पहिल्या क्षणी झरणाच्या छातीत जे उसळलं तो निव्वळ आनंद होता. एकोणीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य बिजलच्या तोंडून बाहेर पडलं होतं, तेही रडवेल्या आवाजात. ती अंगणात उभ्या उभ्या हसली.

दुसऱ्या क्षणी तिला आठवलं की सोमवार ते शुक्रवार दुपारी चार वाजता ती पांढरा कोट घालून नळ्यांमध्ये दूध ओतत असते. मोबाइल लॉकरमध्ये असतो.

"हो," ती बिजलला म्हणाली. "मीच असते."

आपण खोटं का बोललो, हे तिला कळलं नाही. एवढंच वाटलं की जे कुणी आपल्या नावावर जिंकलंय, ते परत द्यायचं नाही.

५

"ती म्हणजे तिथली तूच की," झरणानं विचारल्यावर फोई म्हणाली. "आणखी कोण असणार?"

झरणानं आवाज चढवला नाही. लॅबमध्ये बोलते तसं बोलली. मी आणंदला कामावर असते फोई, रोज चार वाजता कॉम्प्युटरवर कोण येतं ते नीट आठवून सांग. चेहरा दिसतो का?

चेहरा कुठला दिसायला, माझे डोळे हे असे, फोई म्हणाली. काळं काळं दिसतं, मध्ये कधी तरी हात दिसतो. पण आवाज काय मी ओळखत नाही? तुला दूधभात भरवलाय मी. दुपारी ओढणी काढली की तू विचारतेस, फोई, आज काय निवडतेयस? मी सांगते. मग आपण दोघी बसतो.

"कधीपासून?"

"तू भांडलीस तेव्हापासून."

ते भांडण झरणाला आठवत होतं. बडोद्यात शेवटचं वर्ष, जूनचा उकाडा. फोईनं व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं की फुवांची सोन्याची साखळी बिजलला पाठवली, तिचं बाळंतपण जवळ आलं म्हणून. साखळीचं झरणाला काही नव्हतं. पण फोईनं तिला आधी विचारलंही नव्हतं, आणि सांगतानाचा तिचा फुललेला चेहरा. 'तुला तुझी बिजलच हवी, मी फक्त हमाल' असं ओरडून तिनं लॅपटॉप फाडकन मिटला होता. मनगटावरचा काळा दोरा, दर दिवाळीत काळी चौदसला दृष्ट लागू नये म्हणून फोई बांधायची तो, दातांनी तोडून खिडकीतून फेकला होता. लॅपटॉप त्याच रात्री कायमचा बंद पडला. नंतर तिनं तो भंगारात दिला. फोईला फोन केला तो पाच दिवसांनी, मोबाइलवरून.

"मी बंद नाही केला," फोई सांगत होती. "रागावून गेलेल्या माणसाच्या मागं दार लावायचं नसतं. निरोपाचं आवजो तूही म्हणाली नव्हतीस, मीही नाही. मग कॉल संपला कसा? वर ओढणी घातली आणि बसले. तासाभरानं तू हाक मारलीस."

"मी नाही मारली."

"'फोई, चुकलं माझं' म्हणालीस." फोईच्या चेहऱ्यावर तो दिवस अजून ऊन पडल्यासारखा होता. "किती रडलीस. मी म्हटलं, जाऊ दे ग. त्यानंतर तू तिथं कधी रागावली नाहीस. इथं येतेस तेव्हा तेवढा तुझा पारा चढतो. मी म्हणते, प्रवासाचा शीण असेल."

'फोई, चुकलं माझं.' हे शब्द झरणानं आयुष्यात कधी कुणाला म्हटले नव्हते. पाच दिवसांनी मोबाइलवर तिनं काय विचारलं होतं, तेही तिला आठवत होतं. माझा जन्माचा दाखला तुझ्या कपाटात आहे का.

तिनं बोटं मोजली. त्या जूनपासून या जानेवारीपर्यंत साडेतीन वर्षं. दिवसाचे चोवीस तास. आकडा एकतीस हजारांच्या आसपासच येत होता.

६

चार वाजायला आले तशी फोई चहा टाकायला आत गेली. आलं ठेचणाऱ्या बत्त्याचा आवाज येऊ लागला. झोपाळा रिकामाच थोडा हलला आणि थांबला.

झरणा पडद्यापुढं बसली. कुणीतरी फोईला फसवतंय, हे सगळ्यात सोपं होतं. आवाजाची नक्कल हल्ली कुणीही करतं. पण फसवणारा काहीतरी मागतो. साडेतीन वर्षांत या आवाजानं काय मागितलं? मेथी निवडायची की तूर, एवढंच विचारलं. तीळतेल सांगितलं, तिथी लक्षात ठेवली, आणि ऐकून घेतलं. चोराचीही तिला एवढी चीड आली नसती.

काळी चौकट पूर्ण काळी राहिली नव्हती. खालच्या कडेला उजेडाची एक पट्टी आली होती, मिटलेलं झाकण कुणी बोटभर उचलावं तशी. पट्टीत हिरवट भिंतीचा तुकडा होता, लोखंडी खाटेचा पाय होता, निळ्या चादरीची लोंबणारी कड होती. ती चादर झरणानं होस्टेल सोडताना झाडूवालीला दिली होती.

मग पट्टीत एक मनगट आलं. बारीक, डाव्या हाताचं. त्याच्यावर काळा दोरा होता. जुना, तेल पिऊन चकचकीत झालेला, पण अखंड.

झरणानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. ते उघडं होतं. गेल्या काळी चौदसला तिनं फोईला म्हटलं होतं, असली थेरं मला नकोत. फोईनं दोरा गुंडाळून परत ठेवला होता. कुठं ठेवला, हे तिनं पाहिलं नव्हतं.

"फोई?" स्पीकर म्हणाला.

आवाज झरणाचा होता. मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालेला स्वतःचा आवाज ऐकताना लाज वाटते तसा, थोडा बारीक. फक्त त्यात ती घाई नव्हती जी झरणाच्या प्रत्येक शब्दाला चिकटलेली असे.

"फोई, झोपाळा थांबला. बरी आहेस ना?"

आत आलं ठेचायचा आवाज चालू होता. झरणा श्वास धरून बसली. झोपाळा थांबल्याचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं. दोन हातांवर बसूनही नाही. आणि हिला तिथून कळलं.

भीती होतीच. पण तिच्या खाली दुसरं काहीतरी पेटलं होतं आणि तेच हाताला हलवत होतं. अकरा वर्षांच्या झरणाला ताप आला असताना फोई बिजलची वेणी घालत बसली होती, तेव्हा जे पेटलं होतं तेच. ती जागा माझी आहे. झोपाळ्यावरची ती अर्धी फळी माझी आहे. मी रागावते, मी ओरडते, तरी मी येते. दर शनिवारी येते.

"कोण आहे तिथं?" आवाजानं विचारलं. आणि थोडं थांबून, घाबरून नव्हे, तर वाईट वाटून म्हणाला, "तू आलीस होय."

झरणानं लाल बटण दाबलं. कॉल बंद करायचा का, अशी चौकट आली. तिनं पुन्हा दाबलं.

डब्यातली घरघर थांबली. साडेतीन वर्षं त्या खोलीत एक आवाज होता, हे तो गेल्यावर कळलं. पडद्यावर एकेक खिडकी झरझर उघडू लागली. अडकलेल्या भजनातल्या बाईनं उघडं तोंड मिटून पुढची ओळ घेतली.

फोई दोन कप घेऊन दारात उभी होती.

"झालं," झरणा म्हणाली. "आता पळेल."

फोईनं पडद्याकडे पाहिलं, मग लाल बटणावर अजून ठेवलेल्या झरणाच्या बोटाकडे. कप टेबलावर ठेवले. ती झोपाळ्यावर बसली, मधोमध.

"आवजो म्हणालीस का तिला?" तिनं विचारलं.

७

आणंदला पोचल्यावर झरणानं लगेच फोन केला. 'पोचले.' बरं, असं फोई म्हणाली. सोमवारी फोईचा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी झरणानंच केला, कॉम्प्युटर कसा चालतोय विचारायला, तर मागं झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली आणि फोई म्हणाली, "नंतर करा हं." करा. रागावलीय, झरणानं ठरवलं. म्हाताऱ्यांचं रुसणं असंच असतं, वाकड्या वाटेचं.

शनिवारी ती फोईला आवडतात म्हणून सुतरफेणीचा डबा घेऊन गेली. अशी ती कधी काही नेत नसे. खडकीच्या दरवाज्यात स्कूटर हळू बंद केली. दारातून हाकही हळूच मारली. रस्ताभर तिनं दोन शब्द तोंडात घोळवले होते.

फोईनं दार उघडलं. डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे पाहिलं आणि हसली.

"या बेन. बसा."

खोली झाडलेली होती. कॉम्प्युटरवर ओढणी होती, नीट चार कोपरे ओढून घातलेली. फोईनं पाणी आणलं. स्टीलच्या तबकात ठेवलेला काचेचा पेला. तबक पाहुण्यांसाठी असतं. झरणा या घरात नेहमी माठात भांडं बुडवून पाणी प्यायली होती.

"फोई, थेंब घालायचेत ना?"

"घातले. आमची मुलगी घालते. पाच मिनिटं मिटायला लावते." फोई झोपाळ्यावर बसली. कडेला, अर्धी जागा सोडून.

"फोई, मी झरणा."

"हो?" फोईच्या तोंडावर कौतुक आलं, अनोळखी माणसाशी धागा निघाल्यावर येतं तसं. "आमच्या मुलीचंही हेच नाव."

थट्टा करतेय. धडा शिकवतेय. मोतीबिंदू वाढला असेल. डॉक्टरला विचारायला हवं, वयात असं विसरायला होतं. झरणा एकामागून एक कारण उचलून बघत होती आणि प्रत्येक कारण हातात घेताच हलकं लागत होतं. आतल्या ओट्यावर दोन कप उपडे वाळत होते. दाराशी फोईच्या चपलांशेजारी एक जोड होता, निळ्या पट्ट्यांचा. तसला तिनं बडोद्यात वापरला होता. एक पट्टा सुईदोऱ्यानं शिवलेला. तो तिनं स्वतः शिवला होता.

'फोई, चुकलं माझं.' शब्द तोंडात तयार होते. पण ते इथं आधीच कुणीतरी म्हणून गेलं होतं, रडत, साडेतीन वर्षांपूर्वी. आता ते म्हणणं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं.

"कॉम्प्युटर चालतो ना?" ती एवढंच म्हणू शकली.

"आता त्याचं फारसं काम पडत नाही," फोई म्हणाली.

झरणा उठली. डबा टेबलावर ठेवला. फोई दारापर्यंत आली, "आवजो" म्हणाली, गोड आवाजात, जसं दूध घालायला येणाऱ्यालाही म्हणते. झरणानं ओटा उतरून दोन पावलं टाकली नाहीत तोच दार मागं लागलं. घरचं माणूस वळणाआड होईपर्यंत फोई दार लावत नसे.

ती खडकीत उभी राहिली. आतून झोपाळ्याची कुरकुर सुरू झाली. लांब, मग तुटक. फोई बसली होती.

आणि कुरकुरीच्या जोडीनं फरशीवर झाडू फिरू लागला.

झरणा हलली नाही. कुरकुर आणि झाडू, दोन्ही एकदम चालले होते.

"अगं, लगेच काय झाडतेस?" झोपाळ्यावरून फोई म्हणाली. "पोचू तरी दे तिला."

झाडू थांबला. मग तो आवाज आला, कसलीही घाई नसलेला.

"घरचं कुणी बाहेर गेलंय का, फोई?"

झोपाळा एकदा पुढं गेला, एकदा मागं आला. फोई आठवत होती. झरणानं दाराच्या लाकडावर तळहात टेकला.

"नाही ग," फोई म्हणाली.

झाडू पुन्हा सुरू झाला. भिंतीपासून, कोपऱ्यातून, दाराच्या दिशेनं.